गेम सारखा अडकतोय? नवीन ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासून बघा

स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएस ९० दाखवतंय. तरीही गाडी वळवताना गेम क्षणभर थिजतो, समोरचा खेळाडू एकदम उडी मारल्यासारखा दिसतो आणि तोवर आपला गेम ओव्हर झालेला असतो. मित्रांना विचारलं की एकच सल्ला मिळतो, "कार्ड बदल भावा." आणि कार्ड बदलायचं म्हणजे २० ते ३० हजारांचा खर्च. घरी कितीही समजावलं तरी एवढे पैसे पुन्हा पुन्हा मिळत नाहीत.

खरी अडचण पुढे येते. नवीन कार्ड लावल्यावरही गेम तसाच अडकतो, कारण दोष कार्डात नव्हताच. तो रॅमच्या एका रिकाम्या स्लॉटमध्ये होता, जुन्या हार्ड डिस्कमध्ये होता किंवा पंख्यावर साचलेल्या धुळीत होता.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहणाऱ्यांना तर हे नीट माहीत असायलाच हवं. इथला उन्हाळा, इथली धूळ आणि विजेचं येणं-जाणं या तिन्ही गोष्टी संगणकाची परीक्षा बघतात. शिवाय कार्ड किंवा मदरबोर्ड वॉरंटीत असेल, तर सर्व्हिस सेंटरसाठी बऱ्याचदा पुणे किंवा नाशिक गाठावं लागतं. नगरहून पुणे साधारण १२० किलोमीटर. म्हणजे चुकीच्या निदानाची किंमत पैशांत आणि दिवसांत, दोन्हीकडे मोजावी लागते.

म्हणून आधी दोष कसा शोधायचा आणि कुठल्या क्रमाने शोधायचा, ते बघूया.

एफपीएस कमी होणं वेगळं, गेम अडकणं वेगळं

दोन्हींना आपण सरसकट "लॅग" म्हणतो आणि तिथेच पहिली चूक होते.

एफपीएस म्हणजे एका सेकंदात स्क्रीनवर येणाऱ्या चित्रांची म्हणजे फ्रेम्सची संख्या. ६० एफपीएस असेल तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ एफपीएस असेल तर जेमतेम ७ मिलिसेकंद. एक फ्रेम तयार व्हायला लागणाऱ्या या वेळेला फ्रेम टाइम म्हणतात.

आता एक हिशोब करू. समजा एका सेकंदात ७० फ्रेम्स प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या. म्हणजे ७०० मिलिसेकंद झाले. उरलेल्या ३०० मिलिसेकंदांत फक्त एकच फ्रेम आली. त्या सेकंदाचा एफपीएस किती? ७१. आकडा झकास दिसतो, पण प्रत्यक्षात स्क्रीन सेकंदाच्या जवळपास एक तृतीयांश वेळ गोठलेली होती. हेच स्टटरिंग.

ही गोष्ट आज सगळ्यांना माहीत आहे, पण पूर्वी कार्डांची परीक्षा फक्त सरासरी एफपीएसवर व्हायची. २०११ साली 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकन संकेतस्थळाचे स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली. सरासरी चांगली असलेली कार्डंही मध्येच अडखळतात, हे त्यातून दिसलं. आज यूट्यूबवरच्या प्रत्येक रिव्ह्यूमध्ये "१ टक्का लो" हा आकडा दिसतो, तो याच विचारातून आलेला. सगळ्यांत संथ १ टक्का फ्रेम्स किती संथ होत्या, ते हा आकडा सांगतो. सरासरी ९० आणि १ टक्का लो ७० असेल तर गेम मऊ चालतो. सरासरी ९० आणि १ टक्का लो २० असेल तर तो अडखळणारच.

तिसरा प्रकार इंटरनेटचा

समोरचा खेळाडू मागे-पुढे उड्या मारतोय, गोळी लागूनही मरत नाहीये, पण तुमचा माउस फिरवला की कॅमेरा मात्र अगदी सुरळीत फिरतोय? मग दोष संगणकाचा नाही, नेटचा आहे. त्यावर कितीही महागडं कार्ड लावलं तरी काही उपयोग नाही.

व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २ या दोन्ही गेम्सचे सर्व्हर मुंबईत आहेत. सेटिंगमध्ये जाऊन पिंग आणि पॅकेट लॉस हे दोन आकडे स्क्रीनवर लावून ठेवा. पिंग एकदम वाढत असेल किंवा पॅकेट लॉस शून्याच्या वर जात असेल, तर आधी वायफाय सोडून राउटरपासून केबल ओढा आणि पुन्हा खेळून बघा. घरात त्याच वेळी कुणी मोठी फाइल डाउनलोड करतंय का, तेही विचारा. केबलवरही तसंच होत असेल, तर केबलवाल्याला फोन करायचा, संगणकाच्या दुकानात जायचं नाही.

सोपी कसोटी अशी: ज्या गेममध्ये ऑफलाइन सराव करता येतो, तो गेम नेट बंद करून खेळा. तरीही अडकतोय, तर दोष घरातच आहे.

आधी मोजा, मग खोला

अंदाजावर स्क्रू काढू नका. आकडे दाखवणारी साधनं फुकट मिळतात.

विंडोजमध्ये 'विंडोज' बटण आणि 'जी' एकत्र दाबलं की गेम बार उघडतो. त्यात सीपीयू, जीपीयू, रॅम आणि एफपीएस दिसतात. टास्क मॅनेजर तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जीपीयूचं तापमान तो दाखवतो, सीपीयूचं मात्र दाखवत नाही.

जास्त खोलात जायचं असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर घ्या. नाव एमएसआयचं असलं तरी तो इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो. तो गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात फ्रेम टाइमची रेघ दाखवतो. रेघ सपाट असेल तर सगळं ठीक. रेघेत मधूनच सुळके उठत असतील तर ते स्टटर. सीपीयूचं तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो उपयोगी पडतो. ही सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, कारण त्यांच्या नावाने नकली डाउनलोडही फिरतात.

आता किमान अर्धा तास खेळा आणि हे आकडे लिहून ठेवा: सीपीयू आणि जीपीयूचं तापमान, दोन्हींचा वापर, रॅम किती भरली, कार्डाची मेमरी किती भरली. या सहा आकड्यांतच बहुतेक उत्तरं असतात.

- पहिली १५-२० मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग एफपीएस पडतो: संशय उष्णतेवर.
- जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर आणि एफपीएस कमी: कार्डाची ताकद पुरत नाही. सेटिंग्ज कमी करा.
- जीपीयूचा वापर ५०-६० टक्के आणि तरीही एफपीएस कमी: सीपीयू किंवा रॅम अडवतेय. इथे नवीन कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात.
- कार्डाची मेमरी काठोकाठ आणि सुळके: टेक्स्चर कमी करा.
- नवीन भागात गेल्यावरच गेम अडकतो: डिस्क किंवा शेडर.
- खेळताना पीसी थेट बंदच होतो किंवा रीस्टार्ट होतो: वीज, यूपीएस किंवा एसएमपीएस.

उष्णता आणि धूळ: नगरकरांनी इथूनच सुरुवात करावी

एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर विचारूच नका. हवेवर थंड होणारा कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली, की आतल्या भागांचं तापमानही जवळपास तेवढ्याच, म्हणजे १५ अंशांनी वर सरकतं. डिसेंबरात ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ९० ला टेकतो. हिवाळ्यात सुरळीत चालणारा गेम उन्हाळ्यात अडखळायला लागतो, त्यामागे हेच गणित आहे.

प्रोसेसर ठराविक मर्यादेला पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची ९५. वेग कमी झाला की तापमान उतरतं, तापमान उतरलं की वेग पुन्हा वाढतो. हा खेळ सतत चालू राहिला की फ्रेम टाइमची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

त्यात धुळीची भर. कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पूर्व-दक्षिणेचा भाग पर्जन्यछायेत येतो. कोरडी माती आणि वारा असला की महिन्याभरात पंख्याच्या पात्यांवर थर बसतो. कारखान्याच्या पट्ट्यात गाळप हंगामात बगॅसच्या राखेचे काळे कण येतात, ते वेगळेच. उलट अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, पावसाळ्यात ओल इतकी असते की तीच धूळ हीटसिंकवर चिकट लेपासारखी बसते.

सफाई करताना हे पाळा:

- पीसी बंद करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज त्याने निघून जाते.
- कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. अंगावरच्या स्थिर विजेने भाग बिघडू शकतात.
- हाताचा ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं.
- पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात, शिवाय दाब फार असतो.
- ओलं फडकं नको. एसएमपीएस कधीही उघडू नका, बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

सफाईनंतरही तापमान उतरलं नाही, तर कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून खेळून बघा. झाकण काढल्यावर तापमान ८-१० अंशांनी पडलं, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. पुढून एक पंखा आत आणि मागून एक पंखा बाहेर, एवढं केलं तरी मोठा फरक पडतो. झाकण काढूनही काही बदल झाला नाही, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. ती बदलायला काही शे रुपये लागतात. कायम झाकण उघडं ठेवणं मात्र नको, धूळ दुप्पट वेगाने जाते.

कॅबिनेट भिंतीला चिकटवून, टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा गोधडीच्या शेजारी ठेवलेलं असेल तर आधी ते बाहेर काढा. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

रॅम: सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, एकूण रॅम. ८ जीबीवर विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड चालवून आजचे मोठे गेम खेळायचे म्हटलं तर जागा संपते. मग विंडोज डिस्कवर तात्पुरती जागा घेतो, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पट संथ असते. तिथेच गेम अडकतो. आजच्या गेमिंगसाठी १६ जीबी ही किमान गरज समजा.

दुसरी, किती स्लॉट वापरात आहेत. बजेट पीसीमध्ये बऱ्याचदा एकच स्टिक दिलेली असते, "पुढे वाढवता येईल" म्हणून. एका स्टिकवर प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता एकपदरी राहतो. तेवढ्याच क्षमतेच्या दोन स्टिक लावल्या की तो दुपदरी होतो. याला ड्युअल चॅनेल म्हणतात. वेगळं कार्ड नसलेल्या, म्हणजे रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना याचा सगळ्यांत जास्त फायदा होतो, कारण तिथे ग्राफिक्ससाठीही हीच रॅम वापरली जाते. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. खात्रीसाठी बोर्डाचं मॅन्युअल बघा.

तिसरी, वेग. डब्यावर ३२०० लिहिलंय आणि टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवतोय? मग रॅम पूर्ण वेगाने चालतच नाहीये. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्सपो, चालू करा. एका मिनिटाचं काम आहे आणि फुकट आहे. चालू केल्यावर पीसी अस्थिर झाला तर पुन्हा बंद करता येतं.

कार्डाची मेमरी आणि चुकीची सेटिंग

जीटीएक्स १६५० सारख्या कार्डांवर ४ जीबी मेमरी असते. हे कार्ड २०१९ चं आहे आणि अजूनही कितीतरी पीसींमध्ये आहे. आजच्या गेममध्ये टेक्स्चर 'अल्ट्रा' ठेवलं की ही मेमरी भरते. मग उरलेला माल साध्या रॅममधून आणावा लागतो आणि त्या वाटेत फ्रेम अडकते. २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात हा त्रास जास्त दिसला. त्यावर ४ जीबी मेमरी आहे आणि मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन आहेत. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तो रस्ता निम्म्या रुंदीचा होतो.

उपाय सोपा आहे. टेक्स्चर एक-दोन पायऱ्या खाली आणा. कार्डाची मेमरी बव्हंशी टेक्स्चर आणि रिझोल्यूशन खातात. शॅडो, रे ट्रेसिंग आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं जीपीयूला दमवतात. गर्दी, दूरवरचे तपशील आणि वाहनांची संख्या सीपीयूला. म्हणून सगळंच 'लो' करून गेम कुरूप करण्यापेक्षा, कोण दमतंय ते बघून तेवढंच कमी करा.

आणि हो, मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टला असेल तर गेम प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चालण्याची शक्यता असते आणि हजारो रुपयांचं कार्ड शेजारी नुसतं बसून राहतं. पीसी हलवल्यानंतर ही चूक हमखास होते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० हर्ट्झच राहिलेलं असणं, हीसुद्धा तशीच नेहमीची गोष्ट. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन तपासा.

हार्ड डिस्कवर गेम? मग अडकणारच

फिरणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती माहिती शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. ६० एफपीएसच्या फ्रेमला मिळतात १६.७. म्हणजे दोन-तीन गोष्टी शोधायच्या म्हटल्या तरी एक फ्रेम हुकते. जीटीए ५ सारख्या खुल्या जगाच्या गेममध्ये शहरातून वेगाने गाडी पळवताना रस्ते उशिरा उगवतात किंवा गाडी थबकते, ते यामुळेच.

साधी सॅटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि तिच्यात फिरणारं काहीच नसल्याने शोधायला वेळ लागत नाही. गेम एसएसडीवर हलवल्याने सरासरी एफपीएस फारसा वाढत नाही, पण सुळके कमी होतात. एसएसडी काठोकाठ भरू नका, १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. त्यात 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर गेम राहू द्या, आधी घरातले फोटो आणि कॉलेजची कामं दुसरीकडे कॉपी करा.

विजेमुळे गेम अडकतो का?

गावाकडे हा प्रश्न हमखास येतो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, पंखा हळू फिरतो, मग गेमही हळू होत असेल का?

उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरली जाते. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी आतल्या भागांना तेच ठराविक १२ व्होल्ट देतो. व्होल्टेज कमी झालं म्हणून तो एफपीएस कमी करत नाही. काही स्वस्त एसएमपीएस मात्र २०० व्होल्टच्या खाली टिकत नाहीत. तेव्हा पीसी हळू होत नाही, सरळ बंद पडतो. एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरवर इनपुट व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते वाचा.

यूपीएसचा हिशोबही समजून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे. असे बरेच यूपीएस साधारण ३६० वॉटचाच भार पेलतात. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून भार त्याच्या वर गेला की लाइट जाताक्षणी पीसीही जातो. आणि वारंवार असा अचानक बंद होणारा पीसी विंडोजच्या आणि गेमच्या फाइल्स बिघडवतो. मग मात्र गेम अडकायला लागतो. म्हणजे वीज दोषी असते, पण आडवळणाने.

सॉफ्टवेअरचे उद्योग

- मागे काय चालू आहे? विंडोज अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, क्लाउडवर फोटो चढवणं, २० टॅब उघडे असलेला ब्राउझर. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू आणि डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून वरची नावं बघा.
- ड्रायव्हर. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या संकेतस्थळावरूनच घ्या. नवीन ड्रायव्हर टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर आधीचा परत टाका. जुन्या कंपनीचं कार्ड काढून नव्या कंपनीचं लावलं असेल तर डीडीयू या साधनाने जुना ड्रायव्हर साफ करा.
- एफपीएसला लगाम. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एफपीएसची वरची मर्यादा ठरवता येते. कधी १४० तर कधी ८० असं हेलकावण्यापेक्षा स्थिर ९० डोळ्यांना जास्त मऊ वाटतं आणि कार्डही थंड राहतं. जीटीए ५ तर १८० एफपीएसच्या पुढे गेला की स्वतःच अडखळतो. तिथे मर्यादा घालणं हाच इलाज आहे.
- बायोस. काही रायझन संगणक विंडोज चालू असताना मधूनच अडखळत होते. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केलं, की प्रोसेसरमधल्या एफटीपीएम या सुरक्षा यंत्रणेमुळे हे होतंय. मे २०२२ पासून दुरुस्त केलेले बायोस यायला लागले. त्याआधीचा बोर्ड असेल आणि बायोस कधीच बदललेला नसेल, तर हे तपासा. बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करा.
- विंडोज १०. याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लगेच गेम बंद पडणार नाहीत, पण पुढचा पीसी किंवा विंडोज ठरवताना हे ध्यानात ठेवा.

'फुकट' गेमची किंमत

इथे थोडं थांबून वाचा. पेनड्राइव्हवरून मित्राकडून आलेला किंवा कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेला क्रॅक गेम असेल, तर अडकण्याचं कारण त्याच्या आतच बसलेलं असू शकतं.

२०२१ मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीने 'क्रॅकोनॉश' नावाचा मालवेअर उघड केला. जीटीए ५ सारख्या लोकप्रिय गेम्सच्या क्रॅक प्रतींतून तो पसरत होता. आत शिरला की विंडोज अपडेट आणि अँटिव्हायरस बंद पाडायचा आणि तुमच्या प्रोसेसरवर मोनेरो हे आभासी चलन खणायचा. जगभरातल्या २ लाखांहून जास्त संगणकांत तो सापडला. वीजबिल तुमचं, पीसी तुमचा आणि कमाई भलत्याचीच.

गेम बंद असतानाही पंखे जोरात फिरतायत, विंडोज डिफेंडर चालूच होत नाही, टास्क मॅनेजर उघडला की सीपीयूचा वापर एकदम खाली येतो, अशी लक्षणं दिसली तर डेटा दुसरीकडे घेऊन विंडोज नव्याने टाकणं शहाणपणाचं. त्या पीसीवर वापरलेले बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

कधी कधी दोष गेमचाच असतो

महागड्या पीसीवरही काही गेम अडकतात. गेममधल्या प्रकाश, पाणी, धुरासाठी शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम असतात. ते तुमच्या कार्डासाठी तयार करून घ्यावे लागतात. गेमने हे काम आधी न करता ऐन खेळात केलं, तर पहिला स्फोट किंवा पहिली जादू दिसताना फ्रेम अडकते. दुसऱ्यांदा तेच दृश्य आलं की अडकत नाही. हीच त्याची खूण.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला एल्डन रिंग पीसीवर असाच अडखळत होता आणि त्याबद्दल जगभर बोललं गेलं. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस' पीसीवर आला, तेव्हा सुरुवातीलाच शेडर तयार व्हायला बराच वेळ लागायचा. ती पट्टी अर्ध्यावर सोडून खेळायला गेलं की अडखळणं वाट्याला यायचं. म्हणून गेम "शेडर तयार होत आहेत" म्हणत असेल तर चहा घ्या, पण ते पूर्ण होऊ द्या. नवीन ड्रायव्हर टाकल्यावर जुने शेडर बाद होतात, त्यामुळे पहिले काही तास पुन्हा थोडं अडकणं साहजिक आहे.

एकच गेम अडकतोय आणि बाकी सगळे सुरळीत चालतायत? मग पीसीला हात लावू नका. पॅचची वाट बघा.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळं

चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर बहुतेक गेमिंग लॅपटॉप ताकद निम्म्यावर आणतात. चार्जर मूळ वॉटचाच हवा. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' ठेवा. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्या गेमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा, म्हणजे तो मोठ्या कार्डावर चालेल. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. हवा घेण्याच्या जाळ्या खालच्या बाजूलाच असतात.

खर्चाचा क्रम लक्षात ठेवा

आधी फुकटचं: केबल, हर्ट्झ, एक्सएमपी, मागचे प्रोग्रॅम, ड्रायव्हर, टेक्स्चर, सफाई. मग थोड्या पैशांचं: थर्मल पेस्ट, एखादा पंखा. त्यानंतर काही हजारांचं: दुसरी रॅम स्टिक आणि एसएसडी. कार्ड आणि प्रोसेसर सगळ्यांत शेवटी, तेही जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर दिसत असेल तरच कार्ड.

जुनं कार्ड घेत असाल तर आणखी जपा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ग्राफिक्स कार्डांवरचं खाणकाम बंद केलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. अशी सगळीच कार्डं वाईट नसतात, पण पैसे देण्याआधी समोर बसून अर्धा तास गेम चालवून घ्या. तापमान आणि फ्रेम टाइमची रेघ दोन्ही बघा. बिल आणि उरलेली वॉरंटी मागा.

आणि शेवटी दुकानात जावंच लागलं, तर "पीसी हँग होतोय" एवढंच सांगू नका. कुठला गेम, किती मिनिटांनी, कुठलं तापमान, कशाचा किती वापर, हे कागदावर लिहून न्या. सोबत फ्रेम टाइमच्या रेघेचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या. आकडे समोर असले की दुरुस्ती करणाऱ्याचंही काम सोपं होतं आणि विनाकारण नवीन कार्ड गळ्यात पडण्याची शक्यता कमी होते.